अमरावतीएवढंच दूर

अकोल्याहून अमरावती रस्त्याने शंभरेक किलोमीटर. एसटीत बसलं की वाटेत एक डुलकी काढून माणूस पोचतो. हाच रस्ता सरळ आभाळाकडे उभा केला, तर त्याच्या टोकाला अंतराळ सुरू होतं. १०० किलोमीटर उंचीवरची कारमान रेषा ही सर्वसाधारणपणे मानली जाणारी हद्द. अमेरिकेत ८० किलोमीटरच पुरे धरतात. म्हणजे त्यांचं अंतराळ, आगगाडीच्या हिशेबाने, बडनेऱ्यालाच लागतं!

३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा सोयूझ यानातून गेले, तेव्हा मी नुकताच शिक्षक झालो होतो. उन्हामुळे शाळा सकाळची. वर्गात दुसरं काही शिकवणं शक्यच नव्हतं. पुढच्या बाकावरच्या, जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या एका मुलीने विचारलं, "सर, मला जाता येईल?" मी सांगितलं, त्याला हवाई दलाचा वैमानिक व्हावं लागतं, नजर निर्दोष लागते. ती काही न बोलता खाली बसली. माझं उत्तर त्या दिवसापुरतं बरोबर होतं, तरी ते तिचं बसणं मी विसरलो नाही.

पुढे २००१ मध्ये डेनिस टिटो हे अमेरिकन गृहस्थ सुमारे दोन कोटी डॉलर मोजून रशियन यानातून अंतराळ स्थानकावर राहून आले. वय साठ. मग खासगी कंपन्यांची स्वतःची यानं आली. जुलै २०२१ मध्ये व्हर्जिन गॅलॅक्टिकच्या यानातून आंध्रात जन्मलेली शिरिषा बांदला गेली. नजर अधू म्हणून नासाची वाट तिला बंद झाली होती. ती कंपनीची कर्मचारी, तिकीट काढून गेली नव्हती. पण गेली ना! यान साधारण ८६ किलोमीटरपर्यंत चढलं, बडनेरा ओलांडून. त्याच सप्टेंबरात हेली आर्सेनो तीन दिवस पृथ्वीभोवती फिरली. लहानपणी हाडाचा कर्करोग झालेली, पायात धातूची सळई. तिचा खर्च एका धनिकाने केला. २०२४ च्या मे महिन्यात विजयवाड्याचे गोपीचंद थोटाकुरा ब्लू ओरिजिनच्या रॉकेटने प्रवासी म्हणून शंभराच्या वर जाऊन आले.

यातली एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी. नुसतं वर जाऊन खाली येणं वेगळं आणि वर टिकून राहणं वेगळं. पहिल्यात चेंडू फेकल्यासारखं होतं, ब्लू ओरिजिनची अख्खी फेरी दहा-अकरा मिनिटांची. टिकायचं तर सेकंदाला पावणेआठ किलोमीटर वेग हवा. त्या वेगाने अकोला-अमरावती तेरा सेकंदांत! टिटोंच्या आणि या छोट्या सहलीच्या खर्चात एवढा फरक पडतो, तो या वेगामुळे.

छोटी सहल तरी स्वस्त कुठे? व्हर्जिनने २०२१ मध्ये तिकीट साडेचार लाख डॉलर केलं. शेजारच्या काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "मास्तर, एवढ्यात त किती वावर येईन!" मला त्यांचं पटलं, आणि नाहीही पटलं. नजरेची अट गेली आणि त्या जागी पैशाची आली. नजर आईबापांकडून येते, पैसाही बहुतेक वेळा तिथूनच येतो.

ती मुलगी आता अमरावतीला गणित शिकवते. मी फोन करून चुकीची कबुली दिली आणि शिरिषाचं सांगितलं. ती हसली. म्हणाली, "सर, तेव्हा तुम्ही चष्म्याचं बोललात, तिकिटाचं नाही." मग डॉलरचा तेव्हाचा भाव विचारला. मी म्हटलं, चौऱ्याहत्तर रुपये धर. "आणि वजन जाणवत नाही ती वेळ?" चारेक मिनिटं. "बरं झालं, उद्या मुलांना घालते. एका सेकंदाचे किती?"

फोन ठेवल्यावर मीही कागद घेतला. एक लाख अडतीस हजार सातशे पन्नास रुपये आले.