दुभंगलेल्या ओठांचे बालक आणि माता-पित्यांचे कर्तव्य



दुभंगलेला ओठ साधारणतः तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात शिवला जातो. टाळूची फट दीड वर्षाच्या आत सांधली जाते. मग घरची मंडळी निश्चिंत होतात. व्रणाला धक्का लागेल या भीतीने दात घासताना आईचा हात नेमका फटीजवळच थांबतो. तेथेच दात वाकडे, दाटीने उगवतात, अन्नकण अडकतात व कीड लागते. जखम भरल्यावर, शल्यचिकित्सकांच्या अनुमतीने, ओठ हलकेच उचलून मऊ ब्रशने तो भाग रोज स्वच्छ करावा. रात्री तोंडात दिलेली गोड दुधाची बाटली (ही माया फार महाग पडते!) बंद करावी.

पुढे बहुधा ८ ते ११ वर्षांच्या दरम्यान हिरडीच्या फटीत हाड भरतात. सुळा त्याच हाडातून उतरतो. शेजारचे दात किडलेले असतील तर आधी त्यांवर उपचार करावे लागतात, शस्त्रक्रिया लांबते आणि सुळ्याची वेळ निघून जाते.