झाशीच्या खडकातील लोखंड

झाशी म्हटले की मराठी मनाला १८५७ चे साल आणि तेथील किल्ला आठवतो. तो किल्ला ज्या बांगरा टेकडीवर उभा आहे ती ग्रॅनाइटची असून बुंदेलखंडातील या खडकाचे वय सुमारे २५० कोटी वर्षे मानले जाते. झाशीहून ईशान्येस समथरकडे जाणाऱ्या प्रवाशाला मात्र हा खडक हळूहळू दिसेनासा होतो. पहूज आणि बेतवा या नद्यांमधील त्या सपाट प्रदेशात गाळाच्या मातीने त्याला झाकून टाकले आहे. तेव्हा या जिल्ह्यातील लोहखनिज पाहावयाचे तर समथरचे मैदान मागे टाकून दक्षिणेस, बबीना व मऊरानीपूर यांच्या परिसरातील उघड्या खडकांकडेच वळावे लागते.

तेथे ग्रॅनाइटाहूनही जुन्या खडकांचे पट्टे आढळतात. त्यांत एक दगड विशेष लक्ष वेधून घेतो. काळ्या मॅग्नेटाइटचा एक थर, त्यावर फिक्या गारेचा दुसरा, पुन्हा काळा, पुन्हा फिका, अशी त्याची रचना असते. हा पट्टेदार लोहपाषाण होय. पृथ्वीच्या वातावरणात प्राणवायू जवळजवळ नव्हता, त्या काळी लोह समुद्राच्या पाण्यात विरघळून राहू शकत असे. पुढे त्याचे ऑक्सिडीकरण होऊन ते सिलिकेसह तळाशी साचत गेले.

मग येथे मोठ्या खाणी का निघाल्या नाहीत? याचे उत्तर गोव्याकडे पाहिल्यास मिळते. गोव्याचे लोहखनिजही मुळात अशाच पट्टेदार पाषाणातून तयार झाले. परंतु तेथे दीर्घकाळच्या मुसळधार पावसाने खडकातील सिलिका धुऊन नेली आणि लोह मागे उरले. निसर्गानेच माल निवडून ठेवला! झाशीकडील पाषाणाच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. भूगर्भातील उष्णता व दाब यांनी तो अधिकच कठीण झाला, गार आणि मॅग्नेटाइट यांचे कण एकमेकांत घट्ट गुंतले. शिवाय हे थर पातळ, वळ्या पडलेले आणि जागोजागी तुटलेले आहेत.

शुद्ध मॅग्नेटाइटात सुमारे ७२ टक्के लोह असते. पण गारेसह धरल्यास अशा पट्टेदार पाषाणात ते बहुधा २५ ते ३५ टक्केच भरते. तो बारीक दळून चुंबकाने खनिज वेगळे करता येते, यात शंका नाही. कर्नाटकातील कुद्रेमुख येथे अशाच हलक्या प्रतीच्या मॅग्नेटाइट खडकाची खाण २००५ अखेरपर्यंत चालली. पण तेथे साठा प्रचंड होता. पातळ थरांसाठी डोंगर फोडणे, दगड दळणे आणि पाणी पुरविणे हा खर्च हाती येणाऱ्या लोखंडातून भरून निघत नाही.

सारांश, ज्यात लोह आहे तो प्रत्येक दगड धातुक ठरत नाही. खनिज निसर्ग देतो. त्याचे धातुक ठरते ते प्रत, परिमाण आणि खर्च यांच्या हिशोबाने. ‘येथे लोखंड आहे’ एवढ्या वार्तेवर संपत्तीचे मनोरे रचणाऱ्यांनी हा भेद ध्यानी घ्यावयास हवा. तथापि हा पाषाण निरुपयोगी नाही. हवेत प्राणवायू साचण्यापूर्वीची पृथ्वी कशी होती, याची साक्ष त्याच्या काळ्या-फिक्या थरांत जपलेली आहे. भट्टीत गेलेला दगड ही साक्ष देऊ शकत नाही.