वरून दिसणारे आपले घर

शेताला सातबारा असतो हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. पण ज्या घरात आपण जन्मलो, त्याचा नकाशा किती जणांजवळ आहे? जुन्या जमाबंदीच्या मोजणीत भर शेतजमिनीवर होता. कितीतरी लहान गावांची गावठाणे मोजायची राहूनच गेली. ही उणीव भरून काढण्यासाठी २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने ‘स्वामित्व’ योजना सुरू केली. भारतीय सर्वेक्षण विभागाचे ड्रोन, म्हणजे आत वैमानिक नसलेले छोटे विमान, गावावरून फिरते, छायाचित्रे घेते आणि त्यांवरून गावठाणाचा नकाशा तयार होतो.

नागभीडकडच्या माझ्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, इतक्या वरून आमची भिंत त्याला कळते तरी कशी?” प्रश्न साधा नव्हता. त्याचे वडील आणि काका एकाच कवेलूच्या छपराखाली राहतात; मधली भिंत छपराच्या आत आहे. उत्तर शोधायचे तर चार शब्द नीट समजून घेतले पाहिजेत.

पहिला शब्द उंची. रेल्वे स्टेशनच्या पाटीवर लिहिलेली असते ती समुद्रसपाटीपासूनची उंची. ड्रोनवाला मोजतो ती पायाखालच्या जमिनीपासूनची. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे हिरव्या क्षेत्रात १२० मीटर, म्हणजे सुमारे ४०० फुटांपर्यंत, वेगळ्या परवानगीवाचून उडता येते. ही मर्यादा जमिनीपासूनची. दोन उंच्यांची गल्लत झाली, तर टेकडीशी गाठ पडलीच म्हणून समजा!

दुसरा शब्द वारा. पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा वारा. अंगणात पान हलत नसले, तरी सागाच्या शेंड्यावर वारा असतोच. मे महिन्यात दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा वर चढते. घारी तिच्यावर पंख न हलवता तरंगतात; हलके ड्रोन मात्र त्याच हवेत डगमगते. हिवाळ्यात घोडाझरीसारख्या तलावाकाठी सकाळी धुके असले, की दृश्यमानता, म्हणजे किती दूरवर स्पष्ट दिसते ते अंतर, कमी होते. मग थांबलेलेच बरे.

तिसरा शब्द शटर. प्रकाश आत घेण्यासाठी कॅमेऱ्याचा डोळा जेवढा वेळ उघडा राहतो, तेवढा त्याचा काळ. ड्रोन सेकंदाला १० मीटर जात असेल आणि डोळा एक शतांश सेकंद उघडा राहिला, तर तेवढ्यात ते १० सेंटिमीटर पुढे सरकते व भिंतीची कड फिसकटते. एक सहस्रांश सेकंद ठेवला, तर सरकणे एकाच सेंटिमीटरचे. पण त्यासाठी ऊन भरपूर हवे. सूर्य खाली असला तर लांब सावल्या पडतात आणि शेजारचे अंगण काळोखात जाते.

चौथा शब्द व्याप्ती. एका चित्राचा बराचसा भाग दुसऱ्या चित्रात पुन्हा यावा लागतो. विमानातून केलेल्या जुन्या सर्वेक्षणात हा भाग साधारण ६० टक्के धरीत. कशासाठी? हाताचे बोट समोर धरा आणि एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटा. बोट सरकल्यासारखे दिसेल. जवळची वस्तू जास्त सरकते, दूरची कमी. दोन जागांवरून घेतलेल्या चित्रांतील याच फरकावरून छपराची उंची काढतात.

आता भिंतीकडे येऊ. कॅमेऱ्याला छप्पर दिसते. वळचणीखालची भिंत दिसत नाही, मोहाच्या झाडाखालचे कुंपण दिसत नाही, मग दोन भावांची वाटणी कोठून दिसणार? म्हणूनच उड्डाणापूर्वी मिळकतींच्या हद्दी जमिनीवर चुन्याने आखतात. ती पांढरी रेघ वरून स्वच्छ दिसते.

विद्यार्थ्याला मी सांगितले, “वडील आणि काका दोघांनाही त्या दिवशी घरी राहायला सांग. मधल्या भिंतीच्या दोन्ही टोकांशी, पुढे अंगणात आणि मागे सांदवाडीत, दोघांच्या संमतीने रेघ ओढून घ्या. नकाशा झाल्यावर चौकशी होते, तेव्हा तो स्वतः पाहा. चूक असेल तर हरकत तेव्हाच नोंदवा.”

वाचकहो, आपल्या गावठाणाची मोजणी व्हायची असेल, तर आपणही हेच करा. यंत्र कितीही सूक्ष्म असले, तरी चुन्याची रेघ कोठे ओढायची हे आपल्याला आणि शेजाऱ्यालाच ठरवावे लागते.