यश आणि विजय

(सोलापूर येथे अधिकारी, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणावरून)



राज्यकारभार मराठीतून चालावा, यासाठी १९६४ मध्ये महाराष्ट्र राजभाषा अधिनियम झाला. तरीही केंद्राकडून येणारे इंग्रजी मसुदे मराठीत आणण्याचे काम आपल्यापैकी कोणाला तरी करावेच लागते. त्या मसुद्यांत 'विन', 'व्हिक्टरी', 'सक्सेस' आणि 'अचीव्हमेंट' हे शब्द वारंवार भेटतात. अर्थाने ते शेजारी असले, तरी त्यांचे कूळ एक नाही.

'विन' या शब्दाच्या जुन्या इंग्रजी रूपाचा अर्थ कष्टणे, झगडणे असा होता. 'व्हिक्टरी' हा शब्द लॅटिनमधला. त्याला जिंकण्यासाठी कोणीतरी समोर लागतो. 'सक्सेस' म्हणजे मुळात मागून येणारा परिणाम, मग तो बरा असो वा वाईट. केवळ चांगला परिणाम हा अर्थ पुढे रूढ झाला. 'अचीव्हमेंट' म्हणजे हाती घेतलेले काम तडीस नेणे.

मराठीतही हाच विवेक आहे. विजयाला प्रतिपक्ष लागतो, यशाला हेतू आणि प्रयत्न लागतात. संस्कृतात 'यश' म्हणजे कीर्ती. हिंदीत तो अर्थ आजही आहे. मराठीत मात्र हा शब्द इच्छित फळ मिळण्याकडे वळला. म्हणून हिंदी मसुद्यातील 'यश' जसेच्या तसे उचलले, तर अर्थ बदलण्याचा संभव असतो.

आता नित्याची उदाहरणे पाहू. एखाद्या प्रभागात एकच अर्ज उरतो आणि आपण 'बिनविरोध विजयी' असे लिहून मोकळे होतो. विरोधच नव्हता, तर विजय कोणावर मिळाला? 'बिनविरोध निवडून आले' हेच नेमके होय. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मधील संज्ञाही 'निवडून आलेला उमेदवार' याच अर्थाची आहे. मतदान आटोपल्यावर दोन्ही बाजूंना एकाच ग्रामसभेत बसायचे असते, हेही विसरून चालणार नाही.

आपल्याच जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये दहा लक्ष डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. इंग्रजीत पुरस्कार 'जिंकतात'. मराठीत तो मिळतो, कारण तो कोणीतरी दिलेला असतो. निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे ज्यांनी जाहीर केले, त्यांच्या बाबतीत 'जिंकला' हे क्रियापद अधिकच परके वाटते.

तिसरे उदाहरण माझ्याच चुकीचे आहे. काही वर्षांपूर्वी एका गावाच्या जलसंधारणाच्या कामावर मी वृत्त लिहिले आणि मथळा दिला, 'दुष्काळावर विजय'. ते वाचून पंचायतीचे एक वयोवृद्ध सदस्य म्हणाले, "साहेब, विजय झाला असं छापलंत. उद्या पाऊस रुसला आणि आम्ही टँकर मागितला, तर हाच कागद आमच्यापुढं ठेवतील. मग काय सांगायचं?"

मी निरुत्तर झालो. त्या वर्षी पाऊस बरा झाला होता आणि नवे बंधारे भरले होते, एवढेच खरे होते. १९७२ चा दुष्काळ सोसलेल्या या जिल्ह्याला अवर्षण एकदाचे जिंकून संपत नाही, हे सांगायला नको. विजय म्हटले की काम संपल्याचा भास होतो. यशाला मात्र माप असते. 'अंशतः यश', 'बऱ्याच अंशी यश' असे आपण म्हणू शकतो. 'अंशतः विजय' म्हणताना जीभ अडखळते.

म्हणून लेखणी उचलण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. समोर प्रतिपक्ष होता काय? हेतू कोणता होता? तो किती साधला? उत्तरे मिळाली, की शब्द आपोआप सापडतो. विजय लिहायला एक मथळा पुरतो. यश लिहायचे तर विहिरीतील पाणी मोजून यावे लागते. ते मोजून मगच लिहू या, एवढीच माझी विनंती आहे.