आकड्याशेजारी चेहरा हवा

(पुलगाव येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



हिटलरच्या राजवटीने साठ लाख ज्यूंची हत्या केली, हे आपण सारे जाणतो. पण साठ लाख ही संख्या मनात मावत नाही. तेरेझीनच्या छावणीत फ्रीड्ल डिकर-ब्रँडाइस ही चित्रकर्ती बंदिवान मुलांना चित्रकला शिकवीत असे. १९४४ साली आउश्वित्झ येथे तिची हत्या झाली. तिने मागे ठेवलेल्या दोन पेट्यांतून मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रे वाचली आणि युद्धानंतर त्यांतील काही पुस्तकरूपाने छापली गेली. ते पुस्तक उघडले की साठ लाखांतले एक मूल आपल्यापुढे उभे राहते.

असे एक पुस्तक आपल्या मुंबईतही निघाले होते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे मेली. चित्तप्रसाद यांनी मेदिनीपूर जिल्ह्यात हिंडून भुकेल्यांची रेखाटने केली, त्यांच्या हकिगती नावानिशी लिहिल्या. ‘हंग्री बेंगॉल’ या त्या पुस्तकाच्या पाच हजार प्रती ब्रिटिश सरकारने जप्त करून जाळल्या. ज्या सरकारने दुष्काळ संहितेखाली दुष्काळ जाहीरच केला नाही, त्याला ते चेहरे कसे सोसवणार? कुटुंबीयांनी जपलेल्या एका प्रतीवरून २०११ साली ते पुन्हा प्रसिद्ध झाले.

चित्तप्रसाद कम्युनिस्ट होते. त्या काळी समाजवादी नेते तुरुंगात वा भूमिगत होते आणि कम्युनिस्ट पक्ष युद्धाला पाठिंबा देत होता. तो मतभेद खराच होता. तो झाकण्याचे कारण नाही. परंतु त्यामुळे त्या पुस्तकाचे ऋण नाकारता येत नाही.

ज्यूंचे हत्याकांड, बंगालचा दुष्काळ आणि विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्या एका तराजूत तोलता येणार नाहीत. मात्र माणूस आकड्यात हरवतो, हे तिन्हीकडे सारखेच. २००६ साली केंद्राने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यात आपला वर्धा जिल्हाही होता. मी अर्थशास्त्र शिकवीत असे. फळ्यावर आत्महत्यांची कोष्टके मांडताना समोर त्याच घरांतली मुले बसलेली असतील, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले.

म्हणून माझी सूचना साधी आहे. गावातील चित्रकला शिक्षकास बरोबर घ्या, घरच्यांची संमती घ्या आणि गेलेल्या माणसाचे चित्र, नाव, त्याचे कर्ज व त्या वर्षीचा कापसाचा भाव एका पानावर आणा. अशा पानांचे पुस्तक आपण काढू. कोष्टक त्यातही असेल. पण शेवटच्या पानावर.