खाडा का पडला?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कारखान्यात गैरहजेरीला ‘खाडा’ म्हणतात. मी आयुष्यभर हे खाडे मोजले. भोसरीच्या एका कारखान्यात कार्मिक विभागात होतो. मस्टरमध्ये खाड्यापुढे कारण लिहायचा रकाना असे. त्यात चारच कारणं मावत : आजारपण, लग्नकार्य, शेती आणि इतर. सगळ्यांत जास्त वेळा ‘शेती’ हा शब्द पडे. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे. आपला कामगार म्हणजे अर्धा शेतकरी, पेरणी आली की चालला गावाला, असं वरपासून खालपर्यंत सगळेच धरून चालले होते.

ही समजूत आमच्याच कारखान्यातली नव्हे. १९२९ साली इंग्रज सरकारने नेमलेल्या रॉयल कमिशनने १९३१ मध्ये अहवाल दिला. भारतातला मजूर शहराच्या ओढीने येत नाही, गावातली परिस्थिती त्याला बाहेर ढकलते आणि त्याचं मन गावाकडेच राहतं, असा त्याचा सूर होता. पुढे विद्यापीठांतूनही हाच प्रश्न घोळत राहिला : हा माणूस कारखान्यात टिकेल का?

त्याचं उत्तर शोधायला एक अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पुण्यात आले, रिचर्ड लँबर्ट. पुणं निवडलं ते काही उगीच नाही. १९३० साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी घरोघरी जाऊन माहिती गोळा करण्याची शिस्त घालून दिली होती. पुणे शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचे त्यांचे दोन भाग १९४५ आणि १९५२ मध्ये निघाले, आणि नी. वि. सोवनी व सहकाऱ्यांची फेरपाहणी १९५६ मध्ये. या संस्थेच्या साहाय्याने लँबर्ट यांनी १९५७ मध्ये पुण्यातल्या पाच कारखान्यांतल्या कामगारांची पाहणी केली. पुस्तक १९६३ साली प्रिन्स्टनहून आलं.

त्यांना जे दिसलं ते समजुतीच्या उलटच होतं. कामगार पळून जायच्या बेतात नव्हता. उलट, एकदा मिळालेली नोकरी तो जमिनीच्या तुकड्यासारखी धरून होता, आपल्या हक्काची मालमत्ता म्हणून. दोनच वर्षांनी मॉरिस डेव्हिड मॉरिस यांचं मुंबईच्या गिरण्यांवरचं पुस्तक आलं. त्यांनीही दाखवलं, की गिरण्यांना मजुरांची टंचाई कधी फारशी पडलीच नाही. बदली कामगार दाराशी उभेच असत, आणि ढिलाई चालत होती ती मालकांना परवडत होती म्हणून.

ही पुस्तकं मी फार उशिरा वाचली. आधी वाचायला हवी होती.

आमच्याकडे एक फिटर होता. हात चांगला. पण महिन्यातून एक-दोन खाडे ठरलेले, तेही पगारानंतरच्या आठवड्यात. फोरमन मला डोळा मारून म्हणाला, “कळलं ना साहेब, पगार कुठे जातो ते?” कळलं असं मलाही वाटलं. नोटीस गेली, मग चार्जशीट, आणि शेवटी एक वेतनवाढ रोखली. कागदावर सही माझी. चौकशीत त्याने एवढंच सांगितलं, “घरचं काम होतं.” मी ‘इतर’ लिहिलं.

काही महिन्यांनी मी रजेवर असताना रॉकेलचा डबा घेऊन कसब्यातल्या रेशन दुकानापुढे रांगेत उभा होतो. माझ्या पुढे चार डबे सोडून तो. मला पाहून ओशाळला. “साहेब, तुम्हीपण?” रांग दोन तास हलली नाही, तेवढ्यात सगळा उलगडा झाला. गाडी कधी येईल ते दुकानदारही सांगत नसे. ज्या दिवशी येई, त्या दिवशी दुपारपर्यंत रॉकेल संपे. त्याची बायको सकाळी चार घरची धुणीभांडी करायची. ती एक दिवस गेली नाही तर त्या घरी दुसरी बाई लागे. याने खाडा केला तर एक दिवसाचा पगार जाई, नोकरी जात नसे. दोघांनी बसून हिशेब केला होता.

म्हणजे तो नोकरीला हलकं समजत होता म्हणून खाडा पडत नव्हता. घरात भरवशाची अशी ती एकच गोष्ट होती, म्हणून सगळा भार तिच्यावर टाकला होता. लँबर्ट यांच्या ‘मालमत्ते’चा अर्थ मला त्या रांगेने आधीच सांगितला होता. आणि चार्जशीटच्या दिवशी त्याचे हात का कापत होते, तेही.

कामावर परतल्यावर मी फोरमनला विचारलं, ‘शेती’ हे कारण कोण सांगतं? तो म्हणाला, “सांगतं कशाला? नगर, जुन्नरकडचा असला की मी लिहून टाकतो.” इतकी वर्षं याच रकान्याची बेरीज करून मी वरिष्ठांना तक्ते पाठवत होतो! संशोधन म्हणतात त्याची पहिली पायरी ‘विचारणं’ ही असते, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. पुढे मी स्वतः विचारू लागलो. बऱ्याच खाड्यांमागे शहरच निघालं : दवाखान्याचा केसपेपर, शाळेचा दाखला, नळाचं पाणी, रेशन.

वेतनवाढीबद्दल मी टिपण लिहिलं. “एकाला दिली की सगळे येतील,” असा शेरा मारून ते परत आलं. मीही पुढे जोर लावला नाही.

तो निवृत्त झाल्यावर एकदा पेढे घेऊन घरी आला. मुलगा चाकणला लागला होता, कंत्राटदारामार्फत. त्या पोराचं नाव कंपनीच्या मस्टरवर नाही. तो आला नाही तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा. बापाने मला विचारलं, “साहेब, परमनंट कधी करतील हो त्याला?” मी पेढा हातात धरून बसलो होतो. म्हटलं, चौकशी करतो.