नवी परिचारिका आणि पहिली रात्रपाळी

(मंडळाच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



परिचर्येच्या शिक्षणाला प्रवेश कसा घ्यावा, शिष्यवृत्ती कशी मिळवावी, यावर अशा मेळाव्यांत पुष्कळ बोलले जाते. परंतु शेवटची परीक्षा आणि पहिली रात्रपाळी यांच्या मधल्या काळाबद्दल कोणी फारसे बोलत नाही. वस्तीत पेढे वाटले जातात आणि पुढे मुलगी वॉर्डात एकटी पडते. नोकरी सोडून घरी बसावे असे तिला वाटते ते याच पहिल्या काही महिन्यांत. आम्ही या व्यवसायात वर्षे काढलेल्या परिचारिका आज एकच गोष्ट सांगणार आहोत. नव्या परिचारिकेने विचारायला लाजू नये, आणि इतरांनी तिला विचारता येईल असे वातावरण ठेवावे. रुग्णाचा जीव त्यावर अवलंबून असतो.

प्रथम परवान्याविषयी. जीएनएमची परीक्षा राज्याचे मंडळ घेते आणि बी.एस्सी. नर्सिंगची परीक्षा नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. परीक्षा उत्तीर्ण झाली म्हणजे काम करण्याचा अधिकार मिळाला, असे पुष्कळ पालक समजतात. तसे नाही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नाव नोंदवून नोंदणी क्रमांक मिळाल्यावरच मुलगी नोंदणीकृत परिचारिका होते. ही नोंदणी मुदतीत नूतनीकृत करावी लागते. दिल्ली-केरळात किंवा अन्य राज्यात जायचे तर तेथील कौन्सिलकडे पुन्हा नोंदणी करावी लागते. सरकारी नोकरीची परीक्षा ही आणखी वेगळी गोष्ट आहे. एम्स रुग्णालयांच्या भरतीसाठी २०२० पासून नॉरसेट ही देशपातळीवरील सामाईक परीक्षा घेतली जाते. अमेरिकेत परवान्यासाठी एनक्लेक्स द्यावी लागते. आपल्याला कोणती परीक्षा कशासाठी द्यायची आहे, हे आधी नीट समजून घ्यावे. मूळ प्रमाणपत्रे मात्र कोणत्याही रुग्णालयाच्या कपाटात ठेवू नयेत. पाहायला द्यावीत, छायाप्रत द्यावी आणि मूळ कागद घरी आणावा. प्रमाणपत्रे अडकल्यामुळे चांगली नोकरी हातची गेलेल्या मुली आम्ही पाहिल्या आहेत.

आता वॉर्डातील कामाविषयी. परीक्षेतील गणित आणि वॉर्डातील गणित एकच असते. फरक इतकाच की वॉर्डात चुकले तर गुण कमी होत नाहीत, माणूस दगावतो. समजा, ५०० मिलिलिटर सलाईन ४ तासांत द्यायचे आहे आणि त्या सेटमधून २० थेंबांना १ मिलिलिटर पडते. तर मिनिटाला साधारण ४२ थेंब पडले पाहिजेत. हे घड्याळ हातात धरून मोजावे, नजरेच्या अंदाजाने चाक फिरवू नये.

दुसरे उदाहरण इन्सुलिनचे. आपल्या देशात ४० युनिटची आणि १०० युनिटची अशा दोन्ही बाटल्या मिळतात. ४० साठी लाल टोपणाची सिरिंज असते आणि १०० साठी केशरी टोपणाची. १०० च्या बाटलीतून लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत औषध भरले, तर रुग्णाला २० ऐवजी ५० युनिट जातात. म्हणजे अडीच पट. रात्री साखर एकदम उतरते आणि रुग्ण शांत झोपला आहे असे सर्वांना वाटत राहते. म्हणून बाटली वाचावी, सिरिंज पाहावी आणि दुसऱ्या सिस्टरला दाखवावी. दाखवण्यात कमीपणा नाही. पोटॅशियम क्लोराईडचे इंजेक्शन तर थेट शिरेत कधीच द्यायचे नसते. हे अनुभवी सिस्टरही मनात पुन्हा म्हणतात आणि मगच हात लावतात.

रात्रपाळी ही बहुतेक ठिकाणी सर्वांत लांब पाळी असते. दिवसा वॉर्डात डॉक्टर असतात, इन्चार्ज सिस्टर असतात, मामा-मावशी हाताशी असतात. रात्री एकेका परिचारिकेकडे अख्खा वॉर्ड येतो. पहाटे ३ ते ५ या वेळेत शरीर झोप मागते, आणि नेमक्या त्याच वेळी एखाद्या रुग्णाची प्रकृती बिघडलेली असते. अशा वेळी श्वास मोजणे ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी तपासणी आहे. प्रौढ माणसाचा श्वास विश्रांतीत मिनिटाला १२ ते २० असतो. पूर्ण एक मिनिट पोटाकडे बघून मोजावा. तक्त्यात सर्वांपुढे सरसकट २० लिहिण्याची खोड काही ठिकाणी असते. ती लावून घेऊ नये. रक्तदाब उतरण्याच्या कितीतरी आधी श्वास वाढलेला असतो. मगाशी १८ होता आणि आता २८ झाला, तर तेवढ्यावरून डॉक्टरांना उठवायचे असते.

डॉक्टर रागावतील, या भीतीने मुली फोन करायला कचरतात. म्हणून बोलणे आधी मनात जुळवून घ्यावे. रुग्ण कोण, त्याला काय आजार आहे, आता मला काय आढळले आणि आपण येऊन पाहावे अशी माझी विनंती आहे. एवढे चार मुद्दे सांगितले की बोलणे अर्ध्या मिनिटात होते. फोनवर औषध सांगितले तर नाव व मात्रा परत वाचून दाखवावी, वेळ घालून लिहून ठेवावी आणि सकाळी सही घ्यावी. डॉक्टर रागावले तरी तो राग सकाळपर्यंत टिकत नाही. न केलेला फोन मात्र आयुष्यभर आठवतो.

सकाळी पाळी देताना खाटेजवळ उभे राहून द्यावी. टेबलाशी बसून दिलेल्या माहितीत निघालेली सुई आणि भरलेली लघवीची पिशवी दिसत नाही.

सुरक्षिततेचा विषय टाळून चालणार नाही. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानभाग या परिचारिकेवर हल्ला झाला. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले, तोपर्यंत ४१ वर्षांहून अधिक काळ तेथील परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. निवृत्त होणाऱ्यांनी ते काम नव्यांच्या हाती सोपवले. या घटनेतून आमच्या व्यवसायाचे मोठेपण दिसते, तसाच त्यातील धोकाही दिसतो. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते. कामावर रुजू होतानाच समितीतील व्यक्तींची नावे विचारून घ्यावीत. वेतनाबाबत, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये खासगी रुग्णालयांतील परिचारिकांना दरमहा किमान २०,००० रुपये मिळावेत अशी शिफारस केली. ती शिफारसच आहे, तरी बोलणी करताना ती माहीत असावी.

शेवटी पालकांना आणि मंडळाला विनंती. रात्रपाळीहून आलेली मुलगी दिवसा झोपते म्हणजे आळशी नव्हे. त्या दिवशी तिच्यावर पाणी भरणे, स्वयंपाक आणि पाहुणे लादू नका. खिडकीला जाड पडदा लावा आणि लहान मुलांना बाहेर खेळायला पाठवा. सून असेल तर तिलाही हाच न्याय द्या. तिच्या झोपेवर रात्री तीस-चाळीस माणसांची सुरक्षितता अवलंबून आहे.

मंडळाने एक काम करावे. आपल्या समाजातील नोकरी करणाऱ्या परिचारिकांची यादी करावी, आणि नव्या प्रत्येक मुलीला व मुलाला त्यांच्यापैकी एक ताई पहिल्या सहा महिन्यांसाठी जोडून द्यावी. यासाठी निधी लागत नाही. पाळी संपल्यावर फोन करून "ताई, रात्री असे झाले, मी बरोबर केले ना?" असे विचारायला एक माणूस हवा असतो. आमच्यापैकी काहींना असे विचारायला कोणी नव्हते. जे आम्हाला मिळाले नाही, ते यांना मिळावे. आम्ही आमची नावे आजच कार्यवाहांकडे देऊन जात आहोत.